डाव्या बरगडीखाली दोन बोटं

मूल पाठीवर झोपवायचं. गुडघे दुमडायचे, म्हणजे पोट सैल पडतं. आईनं हात बेंबीच्या बाजूला सपाट ठेवायचा आणि बोटांची टोकं न रुतवता हळूहळू डाव्या बरगडीकडे सरकवायची. मुलानं श्वास आत घेतला की आतून काही बोटांना येऊन टेकतं का, ते बघायचं. टेकलं तर ती प्लीहा, म्हणजे पानथरी. बरगडीखाली ती किती बोटं उतरली आहे हे लक्षात ठेवायचं. काही ठिकाणी त्यासाठी घरी एक लाकडी पट्टी देतात. नेहमीची पातळी पट्टीवर रेघ मारून ठेवलेली असते. पुढे कधी मूल मलूल झालं, ओठ पांढरे पडले आणि पानथरी त्या रेघेच्या खाली गेली, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. मिळेल त्या गाडीनं रुग्णालय गाठायचं.

सिकलसेलच्या बाळाच्या आईला नर्सनं शिकवायचा हा पहिला धडा. पहिल्या वेळी नर्सचा हात आईच्या हातावर असतो. दुसऱ्या वेळी नर्स आपला हात काढून घेते. तिसऱ्या वेळी ती आईला म्हणते, आता हेच बाळाच्या बाबाला शिकवा. आईला दुसऱ्याला शिकवता आलं की धडा पोचला असं समजायचं. या सगळ्याला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. छत्तीसगडमध्ये या पंधरा मिनिटांना काय मोल आहे, ते समजायला आधी हा आजार समजून घ्यावा लागतो.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकात एकाच अक्षराचा बदल असतो. त्या बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठर होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. जिथे अडकतात तिथे असह्य कळा येतात. पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी राहतं, डोळे पिवळे दिसतात. लहान मुलांत कधी कधी पानथरी अचानक शरीरातलं रक्त आपल्यात ओढून घेते आणि काही तासांत मूल दगावू शकतं. भारतातल्या सिकलसेल रुग्णांत पानथरी मोठ्या वयापर्यंत वाढलेली राहते असं आढळलं आहे. त्यामुळे पोट तपासण्याची ही सवय इथल्या घरांत बराच काळ जपावी लागते.

या धड्याचा परिणाम जमैकात मोजला गेला आहे. किंग्स्टनमध्ये डॉ. ग्रॅहम सर्जंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ पासून हजारो नवजात बाळांची तपासणी करून सिकलसेलच्या मुलांचा जन्मापासून पाठपुरावा केला. मुलांचे पालक घरी पानथरी तपासायला शिकले. १९८५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पानथरीत रक्त साठण्याच्या दर शंभर प्रसंगांमागे आधी सुमारे २९ मुलं दगावत होती, नंतर हा आकडा सुमारे ३ वर आला. याच काळात अशा प्रसंगांची नोंद मात्र दुपटीहून जास्त झाली, कारण जे आधी कुणाच्या लक्षातच येत नव्हतं ते आता आयांच्या बोटांना कळू लागलं होतं. संशोधकांनी या घटीचं श्रेय पालकांच्या शिक्षणाला दिलं.

रायपूर

मुंबई-हावडा लोहमार्गावर नागपूरहून पूर्वेला निघालं की गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग आणि मग रायपूर. हा मुलूख मराठी वाचकाला परका नाही. अठराव्या शतकात तो नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात आला आणि नंतर १९५६ पर्यंत ज्या प्रांतात तो होता त्याची राजधानीही नागपूरच होती. राज्याच्या सीमा बदलल्या, पण रक्तातली नाती सीमा बघत नाहीत. सिकलसेलचा जो पट्टा विदर्भातून जातो तोच पुढे छत्तीसगडमधून ओडिशात शिरतो. गडचिरोलीतल्या आदिवासी पाड्यावरचं आणि रायपूर जिल्ह्यातल्या साहू किंवा कुर्मी शेतकऱ्याच्या घरातलं दुखणं एकच आहे.

रायपूरच्या पंडित जवाहरलाल नेहरू स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १९६३ ची. त्याच्याशी जोडलेल्या डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयाला शहरात सगळे ‘मेकाहारा’ म्हणतात. महाविद्यालयाच्या आवारालगत, जेल रोडवर, राज्याची सिकलसेल संस्था आहे. याच महाविद्यालयातले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक डॉ. पी. के. पात्रा आणि त्यांच्या चमूनं रायपूर जिल्ह्यातल्या साडेतीन लाखांहून जास्त मुलांचं रक्त तपासलं. २०११ साली त्यांनी निष्कर्ष मांडले तेव्हा नऊ टक्क्यांहून थोडी जास्त मुलं वाहक, म्हणजे सिकलचं एकच जनुक असलेली, आढळली होती आणि ७४७ मुलांना प्रत्यक्ष आजार होता. शहरातल्या टाटीबंधला २०१२ मध्ये ‘एम्स’ सुरू झाली आणि मोठ्या उपचारांसाठी नागपूर किंवा विशाखापट्टणम गाठण्याची कित्येकांची गरज कमी झाली.

तपासणी होते, निदान होतं, औषधही आता सरकारी दवाखान्यात मिळू लागलं आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. १७ राज्यांतल्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत आजाराचं निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. पण तपासणीचं कार्ड हातात पडल्यावर त्यावर लिहिलेल्या ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (रुग्ण) या दोन अक्षरांचं काय करायचं, हे रुग्णाला कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगण्याचं काम कागदावर सगळ्यांचं आहे आणि प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा नर्सकडे येतं.

धान, तलाव आणि गोळी

सिकलसेलच्या रुग्णाला द्यायचा सल्ला पुस्तकात चार ओळींत मावतो. भरपूर पाणी प्या, थंडीपासून जपा, ताप आला तर लगेच या, गोळी रोज घ्या. या चार ओळी छत्तीसगडच्या खेड्यात जशाच्या तशा नेल्या तर त्यातली एकही टिकत नाही.

पाण्याचंच बघा. धानाच्या रोवणीला बाई सकाळी शेतात उतरते ती दुपारीच बाहेर येते. उन्हाळ्यात वीटभट्टीवर पाणी लांब असतं. ‘रोज तीन लिटर’ असं सांगून तिला काही उमगत नाही. तिच्याकडे कोणता तांब्या आहे, त्यात किती पाणी मावतं, शेतावर तो कोण घेऊन जाईल, हे विचारून मग सूर्य डोक्यावर यायच्या आत किती तांबे संपले पाहिजेत हे ठरवावं लागतं. इथल्या घरोघरी रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी ‘बासी’ खातात. त्या पाण्यासकट बासी खायची, पाणी ओतून द्यायचं नाही, इतकं साधं सांगितलं की ते घरात रुजतं, कारण त्यासाठी वेगळं काही आणावं लागत नाही.

थंडीचंही तसंच. गावोगावी तलाव आहेत आणि अंघोळ तलावावर होते. पौषातल्या पहाटे गार पाण्यात बुडी मारलेल्या मुलाचे हातपाय दुपारी ठणकायला लागतात. घरच्यांना त्याचा थंडीशी असलेला संबंध कुणी सांगितलेला नसतो. नर्सनं ‘थंडीपासून जपा’ म्हणायचं की ‘या पोराला फाल्गुनापर्यंत घरी कोमट पाण्यानं न्हाऊ घाला, तलावावर पाठवू नका’ असं सांगायचं, यावर ते मूल या हिवाळ्यात रुग्णालयात येणार की नाही हे बरंचसं अवलंबून असतं.

सगळ्यात अवघड धडा गोळीचा. हायड्रॉक्सीयुरिया या औषधानं गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन शरीरात पुन्हा वाढतं, पेशी वाकण्याचं प्रमाण घटतं आणि कळांचे झटके कमी होतात. नागपुरात डॉ. दीप्ती जैन यांनी लहान मुलांना कमी मात्रेत हे औषध देऊन त्याचा उपयोग दाखवून दिला, तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पण औषध रोज घ्यायचं असतं, दुखत नसतानाही. मधूनमधून रक्त तपासावं लागतं. मूल होऊ द्यायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांशी बोलावं लागतं. आणि हेच औषध रक्ताच्या काही कर्करोगांतही वापरतात. एखाद्या दुकानदारानं किंवा मोबाइलवर बघून शेजाऱ्यानं ‘ही तर कॅन्सरची गोळी’ असं म्हटलं की बाटली फळीवर जाते आणि तिथेच राहते. औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरला हे पुढच्या झटक्यापर्यंत कळत नाही. इंजेक्शन देताना, सलाइन लावताना, रात्री दोन वाजता ताप मोजताना जी व्यक्ती रुग्णाजवळ असते, तिच्याजवळ तो हे बोलून जातो.

दोन नाणी

आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. हे वाक्य ऐकून बरीच जोडपी एक अर्थ काढतात, की पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन निरोगी. या समजावर विसंबून घरं दुसऱ्या आणि तिसऱ्या आजारी मुलाला सामोरी जातात.

समुपदेशनात म्हणून आकडा न सांगता दोन नाणी देतात. एक नाणं आईचं, एक बाबांचं. छापा म्हणजे चांगलं जनुक, काटा म्हणजे सिकलचं. दोघांनी एकदम उडवायचं. दोन्ही काटे पडले तर मूल आजारी. आता पुन्हा उडवा. नाण्याला मागचा डाव आठवत नाही. जोडपं पाच-सात वेळा उडवतं, कधी लागोपाठ दोनदा काटे पडतात, आणि जे सांगून पटत नव्हतं ते हाताला पटतं.

या खेळात आणखी एक गोष्ट उघड होते, ती म्हणजे नाणी दोन आहेत. आजारी मूल जन्मलं की घरात बोट आईकडे जातं. सासरची माणसं सुनेला बोल लावतात, माहेरी धाडतात. सिकलसेलचा आजार फक्त आईकडून कधीच येत नाही, त्याला दोघांचं जनुक लागतं. म्हणून अनुभवी नर्स नवऱ्याशिवाय हे समुपदेशन उरकत नाही. शक्य असेल तर सासूलाही आत बसवते. हे बोलणं ओपीडीच्या रांगेत, पंचवीस माणसांच्या देखत करता येत नाही. त्याला दार लावता येईल अशी खोली लागते आणि आपल्या बऱ्याचशा सरकारी रुग्णालयांत तीच नसते.

वाहक असलेल्या तरुण-तरुणींनी लग्न जुळवताना समोरच्याचंही कार्ड बघावं, हा सल्ला विदर्भातही दिला जातो. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटीमार्फत वर्षानुवर्षं वस्त्यांमध्ये हेच सांगितलं. त्यांना २०१८ साली पद्मश्री मिळाली. पण सल्ला नीट दिला गेला नाही तर कार्डच कलंक होऊन बसतं आणि मुली ते लपवतात. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, वाहक माणूस निरोगी आयुष्य जगतो, हे आधी आणि ठासून सांगायचं. कार्डाची गोष्ट त्यानंतर.

कुणाच्या भाषेत?

‘एम्स’सारख्या केंद्रीय संस्थांत नर्सिंग ऑफिसरची भरती देशपातळीवरच्या सामायिक परीक्षेतून होते. त्यामुळे रायपूरच्या वॉर्डात राजस्थान, केरळ, महाराष्ट्र अशा ठिकठिकाणचे तरुण-तरुणी काम करतात. त्यांचं शिक्षण चांगलं, हात सफाईदार. समोरची म्हातारी मात्र छत्तीसगढी बोलते. तिला हिंदी कळते, पण दुखणं ती हिंदीत सांगत नाही. अशा वेळी सगळं सांगून झाल्यावर नर्सनं ‘समजलं ना?’ असं विचारलं तर उत्तर नेहमी ‘हो’ असंच येतं. त्याऐवजी ‘घर जाके का-का करहू, मोला बताव’, घरी गेल्यावर काय काय करणार ते मला सांगा, असं विचारलं तर काय पोचलं आणि काय नाही ते लगेच कळतं. परिचर्येच्या पुस्तकात या पद्धतीला ‘टीच-बॅक’ म्हणतात. रुग्णाची परीक्षा घेणं हा तिचा हेतू नसतो. सांगणाऱ्यानं नीट सांगितलं का, एवढंच तिच्यातून तपासलं जातं.

मितानिनपर्यंत

रुग्ण घरी जातो तेव्हा नर्सचं काम मितानिनकडे जायला हवं. ‘मितान’ ही छत्तीसगडमधली जन्मभराची मैत्री बांधण्याची जुनी रीत. तेच नाव घेऊन २००२ साली राज्यानं आरोग्य कार्यकर्तींची योजना सुरू केली. रायपूरच्या राज्य आरोग्य संसाधन केंद्रानं तिचं प्रशिक्षण रचलं. प्रत्येक पाड्यानं आपल्यातलीच एक बाई निवडायची, अशी ही पद्धत. आज राज्यात सुमारे ७०,००० मितानिनी आहेत. २००५ मध्ये देशभर ‘आशा’ आल्या, त्यामागे छत्तीसगडच्या मितानिनींचा अनुभव होता आणि गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांच्या हाती सोपवलेल्या नवजात बालकांच्या सेवेचाही.

साखळी कागदावर सुंदर आहे. वैद्यकीय महाविद्यालय, जिल्हा रुग्णालय, सामुदायिक केंद्र, आयुष्मान आरोग्य मंदिर, मितानिन. आरोग्य मंदिरातली सामुदायिक आरोग्य अधिकारीही अनेक ठिकाणी बी.एस्सी. नर्सिंग झालेलीच असते. पण रायपूरच्या वॉर्डातल्या नर्सनं आईला पानथरी तपासायला शिकवलं, हे पाड्यावरच्या मितानिनला कोण सांगणार? डिस्चार्ज कार्डावर औषधांची नावं असतात, रक्ताचे आकडे असतात, पुढच्या भेटीची तारीख असते. काय शिकवलं, याची ओळ नसते. मितानिनला ते कळलं तर ती आठ दिवसांनी घरी जाऊन म्हणेल, दाखवा बघू, बोटं कुठे ठेवायची.

डॉक्टर, नर्स आणि गावातले कार्यकर्ते एका बैठकीला बसले तर काय घडतं, याची उदाहरणं याच राज्यात आहेत. दल्ली राजहराच्या लोहखनिज खाणीतल्या कामगारांनी, शंकर गुहा नियोगींच्या संघटनेनं, ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल उभं केलं. १९७७ च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या कामगारांचं ते स्मारक. तिथे कामगारांच्या घरांतल्या मुली परिचर्या शिकल्या. जुलाबात घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी द्या, गरज नसताना टॉनिक आणि इंजेक्शन घेऊ नका, हे सांगणं उपचाराइतकंच महत्त्वाचं मानलं गेलं आणि निर्णयांच्या चर्चेत नर्स आणि कार्यकर्तेही बसले. बिलासपूरजवळ गनियारीत दिल्लीच्या ‘एम्स’मधून आलेल्या डॉक्टरांनी उभारलेल्या जन स्वास्थ्य सहयोगनं आसपासच्या गावांतल्या बायकांना प्रशिक्षण दिलं आणि दीर्घ आजाराच्या रुग्णांचे गावपातळीवर गट बांधले. तिथे रुग्णच दुसऱ्या रुग्णाला शिकवतो.

वेळ कुठून आणायचा

मोठ्या सरकारी रुग्णालयात हे का होत नाही, याचं उत्तर नर्सच्या पाळीत दडलं आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन खाटांमागे एक नर्स हवी. रात्रपाळीत एकटी नर्स तीस-चाळीस रुग्ण सांभाळते, हे चित्र देशभरातल्या सरकारी वॉर्डांत रोजचं आहे. त्यात इंजेक्शनं, नोंदी, इंडेंट, औषधांचा हिशेब, रक्ताच्या बाटल्या, नातेवाइकांचा संताप. इंजेक्शन चुकलं तर जाब विचारला जातो. समजावून सांगणं राहिलं तर कुणी विचारत नाही. मग घाईत काय राहतं, ते उघड आहे.

रायपूरनं नर्सच्या नाराजीचा उद्रेकही पाहिला आहे. २०१८ च्या मे महिन्यात छत्तीसगडमधल्या सरकारी स्टाफ नर्सनी वेतनश्रेणी आणि दर्जाच्या मागणीसाठी संप पुकारला. सरकारनं एस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांचा कायदा, लावला आणि जूनच्या सुरुवातीला शेकडो नर्सना अटक करून रायपूरच्या तुरुंगात नेण्यात आलं. नंतर त्यांची सुटका झाली आणि संप मिटला. संपामुळे रुग्णांचे हाल झाले, हे खरंच आहे. पण ज्यांच्यावाचून रुग्णालय एक दिवस चालत नाही त्यांना उपचाराच्या निर्णयात किती जागा आहे, हा प्रश्नही त्या दिवसांत सगळ्या राज्यासमोर उभा राहिला होता.

सकाळच्या राउंडला तो प्रश्न अजून दिसतो. डॉक्टर पुढे, त्यांच्यामागे निवासी डॉक्टर आणि विद्यार्थी, सर्वांत मागे ट्रे घेऊन सिस्टर. रुग्ण गोळ्या घेत नाही हे तिला ठाऊक असतं, पण तिला कुणी विचारत नाही. राउंडमध्ये प्रत्येक खाटेपाशी नर्सला एकच प्रश्न विचारला, ‘यांना काय कळलंय आणि काय कळायचं राहिलंय?’, तरी उपचाराची दिशा कित्येकदा बदलेल. त्यासाठी नवी इमारत किंवा नवं यंत्र लागत नाही.

दिवाळीनंतर छत्तीसगडमध्ये धानाची कापणी जोरात असते. धान घरात आलं की जांजगीर, बलौदाबाजार, महासमुंदकडची हजारो कुटुंबं वीटभट्ट्यांवर कामाला परराज्यांत निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मधले सहा महिने मितानिन जवळ नसते आणि ओळखीचा दवाखानाही नसतो. सिकलसेलचं मूल असलेल्या घराला निघण्यापूर्वी पुरेशा गोळ्या आणि कार्ड मिळायला हवं. ताप आला की थांबायचं नाही हे त्यांना पाठ असायला हवं, आणि पानथरी तपासणारा हात घरात एक नव्हे, दोन असायला हवेत. हे सगळं नोव्हेंबरातल्या एकाच भेटीत बसवावं लागतं. त्या भेटीसाठी पंधरा मिनिटं आणि एक बंद खोली नर्सच्या पाळीत धरली जावी. डिस्चार्ज कार्डावर ‘काय शिकवलं’ आणि ‘कुणाला शिकवलं’ हे दोन रकाने तिच्या सहीनं भरले जावेत आणि त्या कार्डाची प्रत मितानिनकडे जावी. रायपूरमध्ये, नागपूरमध्ये आणि मधल्या प्रत्येक जिल्हा रुग्णालयात हे या हिवाळ्यापासून सुरू करता येण्याजोगं आहे.